मुंज न झालेलं यंत्र

आमच्या ह्यांना बाजारात नवीन वस्तू आली की ताप चढतो. वस्तू घरात आली की तो उतरतो, आणि मग मला चढतो. हे सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहेत. तिथे त्यांच्या टेबलावर कागद महिनोन्‌महिने निवांत पडून असतात, कोणाची काही घाई नसते. घरी मात्र ह्याच माणसाला आठवडाभर धीर धरवत नाही. जाहिरात दिसली की पैसे भरून मोकळे. वस्तू अजून कारखान्यातून निघालेली नसते आणि आमच्या मेहकरच्या घरात तिच्यासाठी कोपरा रिकामा झालेला असतो.

एकदा झाडू मारणारं गोल यंत्र आलं. आमच्या जुन्या घराला खोलीखोलीला उंबरठे. यंत्र सोप्यात सोडलं की सोप्यातच फिरायचं आणि कोंडलेल्या वासरासारखं भिंतींना धडका द्यायचं. ह्यांनी ते उचलून देवघरात सोडलं, तर त्यानं आधी रांगोळी खाल्ली, मग सासऱ्यांनी दुपारभर बसून वळलेल्या फुलवाती. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, पाटावर बसून हे बघत होते. मला वाटलं आता काही खरं नाही. पण ते शांतपणे म्हणाले, "सोडून दे. त्याची मुंज झाली नाई अजून."

मामाजी भिक्षुकी करतात. घरोघरी पूजा सांगणं, मुंजी लावणं, लग्नं लावणं, यात त्यांचा जन्म गेला. मुंज झाली नाही तोवर पोराला सगळं माफ असतं, त्यानं कुठेही शिवावं, केव्हाही खावं, काहीही सांडावं. त्या दिवसापासून ह्यांनी आणलेल्या प्रत्येक वस्तूला आमच्याकडे हाच न्याय लागू झाला. बोट लावून उघडणारं कुलूप आलं, तेव्हा मी शाळेतून आले की खडूनं भरलेलं माझं बोट ते ओळखायचं नाही. मी गणित शिकवते, खडू काही सुटत नाही. मग मी शेजारच्या काकांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर उतरायची. वर्षभर गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, "मास्तरीणबाई, आज कोणत्या रस्त्यानं?" मामाजी म्हणायचे, "लहान आहे कुलूप. शिकीन."

हे शेजारचे काका म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर आणि ह्यांच्या बरोबर उलटे. कोणतीही वस्तू ते पहिल्या वर्षी घेत नाहीत. आमच्याकडे येतात, चष्मा वर करून वस्तू बारकाईनं न्याहाळतात, काय बिघडलं ते विचारून घेतात आणि म्हणतात, "पुढचं मॉडेल येऊ द्या." दोन दिवाळ्या गेल्या की त्यांच्याकडे तीच वस्तू येते, स्वस्तात, आणि मुकाट्यानं चालते. त्यांचं बोटाचं कुलूप माझंसुद्धा बोट ओळखतं. त्यांनी हौसेनं नोंदवून दिलं. मी तोंड गोड करून हसले, पण त्या रात्री ह्यांना भाजीत मीठ जरा जास्तच मिळालं.

गल्लीनं आमचं घर प्रयोगशाळा करून टाकलं होतं. वस्तू आधी आमच्याकडे मोडायची, मग सुधारून गल्लीत यायची. मला याचा राग होता आणि तो मी लपवत नव्हते. पण पुढे जे झालं त्यानं माझी जरा पंचाईत झाली.

मामाजींना ऐकू कमी यायला लागलं होतं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला कमी ऐकू येणं यात नवल नाही. पण गुरुजींना घरात बसून चालत नाही, आणि लग्न तर निम्मं कानावर लागतं. मंगलाष्टकं एकटे गुरुजी म्हणत नाहीत. मुलीची आत्या म्हणते, मुलाचा मामा म्हणतो, कोणी स्वतः रचून आणलेलं असतं. एकाचं संपलं की दुसऱ्यानं सुरू करायचं आणि सगळ्यांचं संपलं की गुरुजींनी शेवटचं म्हणून अंतरपाट दूर करायचा. मेहकरजवळच्या एका खेड्यात नवरीच्या मावशीनं दोन्ही घराण्यांची नावं गुंफून लांबलचक मंगलाष्टक रचलं होतं. ती मध्ये श्वास घ्यायला थांबली. मामाजींना तिचे मिटलेले ओठ दिसले. त्यांनी ठणठणीत आवाजात शेवटचं म्हटलं, वाजंत्री सुरू झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. मावशी हातात कागद धरून तशीच उभी. एकदा वाजंत्री वाजली की लग्न लागलं, ते काही मागे घेता येत नाही.

मावशीनं ही गोष्ट साऱ्या पंचक्रोशीत पोचवली. नंतर लोक मामाजींना वाकून नमस्कार करायचे आणि लग्नाला दुसरे गुरुजी बोलवायचे. "तुमाले उगाच त्रास काऊन द्यायचा," असं प्रेमानं म्हणायचे. मामाजी सकाळी धोतर नेसून, गंध लावून सोप्यात बसायचे आणि दारासमोरून जाणारी एसटीची माणसं बघायचे. मी शाळेतून आले की विचारायचे, "कोणी आलं होतं का माह्यासाठी?" घरात दिवसभर तेच असायचे, आणि विचारायचे मला.

त्यातच आमच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा शेगावचा. पाहुणे उठून गेल्यावर मामाजींनी पंचांग काढलं, मुहूर्त पाहिला, आणि म्हणाले, "हे लग्न मी लावीन. हे एक लावलं की मंग नाई विचारणार कोणाले." हे मोबाईल बघत बसले.

ह्यांनी मामाजींना अकोल्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही होते. त्याआधी आम्ही एकदा कानामागे अडकवायचं साधं यंत्र घेतलं होतं, पण त्याचं आणि मामाजींच्या जानव्याचं जमलं नव्हतं. शौचाला जाताना जानवं उजव्या कानावर गुंडाळायची त्यांची सवय मुंजीपासूनची. जानवं काढताना त्यात यंत्र अडकलं आणि जिथे पडलं तिथून ते बाहेर काढायला घरातलं कोणी तयार झालं नाही. डॉक्टरीणबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या की कानाच्या आत बसणारं, मोबाईलशी जोडलं जाणारं एक यंत्र निघालंय, पण ते अगदी नवीन आहे. वर्षभर थांबलात तर त्याच्या खोडी निघतील, सुधारलेलं येईल. तोवर साधंच परत घ्या आणि जानवं डाव्या कानावर ठेवा.

मामाजी म्हणाले, "जानवं डाव्या कानावर नाई जात. अन् वर्षभराचं म्हणता तर मले ते वर्ष लिहून देता का?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लिहून दिलं नाही. ह्यांनी तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून, नवीन यंत्र मागवून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना अडवलं नाही.

यंत्र आलं. वाटाण्याएवढे दोन तुकडे आणि एक डबी. रात्री तुकडे डबीत ठेवायचे, सकाळी कानात घालायचे. पहिल्या दिवशी मामाजींनी ते घातले आणि डोळे मोठे केले. म्हणाले, "सूनबाई, तुह्या बांगड्या वाजतात?" मी म्हटलं, नेहमीच वाजतात. मग ते घरभर फिरले. पंखा ऐकला, नळ ऐकला, पाल ऐकली. देवघरात जाऊन घंटी वाजवली आणि दचकून खाली ठेवली. मी ओट्याकडे तोंड करून रडून घेतलं.

कौतुक चार दिवस टिकलं, कारण ते यंत्र खरंच लहान होतं. भांडं पडलं की ते स्वतःच शिट्टी मारायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजणं मी सोडून दिलं. कुठली कुकरची आणि कुठली मामाजींची, कळायचं नाही. मग गल्लीत एक मयत झाली. मामाजी जाऊन आले आणि परंपरेनं अंगावरच्या सगळ्यासकट आंघोळ केली. सगळ्यासकट म्हणजे कानातल्यासकट. हे कचेरीतून आले तेव्हा मामाजी म्हणाले, "मयतीतून आणलं ते बिनाआंघोळीचं देवघरात कसं नेऊ?" यंत्र घेण्याआधी कंपनीनं अनेक प्रश्नांची उत्तरं दिली होती, मयताच्या आंघोळीचं त्यात नव्हतं. आम्ही ते दोन तुकडे तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवले. तिसऱ्या दिवशी उजवा जागा झाला, डावा जरा घोगरा बोलायला लागला. त्या तांदळाचा भात मी महिनाभर चाळून चाळून लावला.

यंत्राची सगळ्यात मोठी करामत वेगळीच होती. ह्यांच्या मोबाईलमध्ये एक खूण होती. ती दाबून मोबाईल कोणासमोर ठेवला की तो माणूस बोलेल ते थेट मामाजींच्या कानात. पूजेत यजमानासमोर मोबाईल ठेवायचा, हा ह्यांचा बेत. पण ती खूण दाबायची आठवण ह्यांना राहायची आणि बंद करायची राहायची नाही, आणि ते यंत्र स्वतःहून काही बंद व्हायचं नाही. मग मोबाईल ह्यांच्या खिशात, आणि ह्यांचा घरातला सारा वेळ मामाजींच्या कानात. ह्यांनी शेंगदाणे खाल्ले की देवघरात मामाजी म्हणायचे, "बंद कर बे ते चावणं." हे अंगणात मॅच बघत बसले की संध्या करता करता मामाजी पळीभर पाणी सोडून मला सांगायचे, "चौका गेला." ह्यांना वाटायचं म्हाताऱ्याला इतकं छान ऐकू यायला लागलं, काय यंत्र आहे. मामाजींना मात्र नेमकं काय होतंय ते लवकरच कळलं आणि त्यांनी ते कोणालाही सांगितलं नाही.

लग्नाच्या साड्या घ्यायला ह्यांची बहीण पुण्याहून आली होती. दुपारी भाऊबहीण सोप्यात बोलत बसले होते, मोबाईल मध्ये टेबलावर. मी देवघराच्या दाराशी मेथी निवडत होते आणि मामाजी आत वाती वळत होते. सोप्यातलं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. फक्त एकाएकी मामाजींचे हात थांबलेले दिसले. कापूस तसाच चिमटीत. मी विचारलं, "काय झालं, मामाजी?" ते म्हणाले, "काई नाई," आणि परत वळायला लागले. पण ती वात त्यांनी कितीदा तरी उलगडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा नेला तेव्हा त्यांनी दार लोटायला सांगितलं. "तुह्या नवऱ्यानं चिखलीच्या गुरुजीले सांगून ठेवलं लग्न लावाले," ते म्हणाले. "मले ऐन वेळेवर सांगणार आहे. बीपी वाढलं म्हणून खोलीत निजवतीन. बहीण म्हणे, बरं केलंस, चारचौघांत हसं नको."

"तुमाले कोणी सांगतलं?"

त्यांनी कानावर बोट ठेवलं.

माझं डोकं सणकलं. मी उठलेच, ह्यांना विचारायला. मामाजींनी माझा पदर धरला. "विचारू नको. त्याले समजलं तर तो ते बंद करायले शिकीन. मंग मले या घरातलं काई समजणार नाई." डोळ्यांत पाणी होतं आणि तरी हे बोलताना ते जरासे हसले. मी पुन्हा बसले. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली, त्याला नातीच्या लग्नात आजारी पाडून ठेवायचं? आणि ठरवणारा पोटचा मुलगा. मला ह्यांचा इतका राग कधी आला नव्हता, कुलपाच्या वेळीसुद्धा नाही.

रात्री जेवताना मामाजींनी आपणहून विषय काढला. "लग्न मी लावीन," ते म्हणाले. "होमाले अन् सप्तपदीले मदतीले कोणी पाह्यजे. चिखलीच्या त्या गुरुजीले बोलाव. आवाज चांगला आहे त्याईचा."

ह्यांचा घास घशातच अडकला. मी पाणी दिलं. सगळ्या जिल्ह्यात गुरुजी काय थोडे आहेत? नेमके तेच कसे सुचले? ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच फितूर. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मी खुलासा केला नाही, कारण शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर ह्यांची ती तडफड मला बघवत होती.

लग्न मेहकरलाच, मंगल कार्यालयात. चिखलीचे गुरुजी वेळेआधी आले, तरुण, नम्र, मामाजींच्या पाया पडले आणि होमकुंडापाशी विटा लावत बसले. पण ह्यांनी माइकची दुसरी दांडी त्यांच्या हाताशी ठेवून दिली होती, ती मला दिसली. मामाजी अडखळले की चिखलीचे गुरुजी सुरू, असा बेत अजून होताच. मामाजींनाही ती दिसली. त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर नीट घेतलं.

ह्यांचा दुसरा बेत असा की मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांसमोर मोबाईल धरून उभं राहायचं. मुहूर्त जवळ आला, ह्यांनी मोबाईल काढला, आणि पडद्यावर एक चकती गोल गोल फिरायला लागली. यंत्राला नेमकं त्याच वेळी स्वतःत काही सुधारणा करून घ्यायची होती. हे अंगठ्यानं दाबताहेत, कपाळावरचा घाम मोबाईलवर पडतोय, चकती फिरतेच आहे. तेवढ्यात बाहेर बँडवाल्यांनी चाचणी घेतली, आणि मामाजींच्या दोन्ही कानांत यंत्रानं अशी शिट्टी मारली की नवरदेवानंसुद्धा मागे वळून पाहिलं.

मी तेव्हा तिथे नव्हते, हे सगळं मला नंतर कळलं. आमच्याकडे रीत अशी की मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईनं लग्न बघायचं नाही, तुळशीपाशी पाणी घालत बसायचं. मी मागच्या अंगणात तांब्या घेऊन बसले होते. नणंद धापा टाकत आली. "वहिनी, चल, बाबा तुला बोलावताहेत. त्यांनी ते काढलं कानातलं." मला वाटलं, झालं. संपलं.

बोहल्यापाशी गेले. मामाजींनी माझ्या तळहातावर ते दोन तुकडे ठेवले. "धर. याची मुंज बाकी आहे अजून," ते म्हणाले. "तू माह्या मागं उभी राह्य. एकाचं म्हणणं संपलं की उपरणं ओढ. सगळ्याईचं संपलं की दोनदा ओढ."

कोणी एक म्हातारी बाई पुढे आली. "गुरुजी, नवरीची माय लग्न पाह्यत नाई. शास्त्र आहे."

"शास्त्रात नाई ते," मामाजी म्हणाले. "अन् असलं तरी शास्त्री मी आहो."

ते खणखणीत बोलले, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. साऱ्या कार्यालयानं ऐकलं. ह्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि माइकची ती दुसरी दांडी चिखलीच्या गुरुजींजवळून उचलून नेली. का, ते मला तेव्हा कळलं नाही. बहुतेक ह्यांनाही नसेल.

अंतरपाट धरला गेला. मी मामाजींच्या मागे, डाव्या हाताच्या मुठीत यंत्र, उजव्या हातात उपरण्याचं टोक. मुलीच्या मामानं म्हटलं, मी ओढलं. मामाजींनी "सावधान" म्हटलं, अक्षता पडल्या. मग मुलाची काकू. मग नणंदेनं सुरू केलं. तिनं पुण्याहून रचून आणलेलं होतं आणि त्याला अंत नव्हता. ती मध्ये श्वासाला थांबली. मामाजींचा खांदा उचलला गेला. मी उपरणं घट्ट धरून ठेवलं. ओढलं नाही. त्यांचा खांदा खाली आला. ते थांबले. नणंदेनं पुढचं कडवं सुरू केलं आणि माझ्या जिवात जीव आला.

समोर अंतरपाटाच्या अलीकडे माझी मुलगी उभी होती, डोळे खाली, हातातला हार छातीशी धरलेला. मी ते पाहिलं. माझ्या आईनं माझं लग्न पाहिलं नाही, ती माझ्या माहेरी, उंद्रीच्या घराच्या मागच्या दारी तुळशीपाशी बसून होती, वाजंत्री वाजल्यावर उठली. तिच्या आईनंही पाहिलं नाही. मी पाहिलं. एका बिघडलेल्या यंत्रामुळे पाहिलं. सगळ्यांचं संपलं तेव्हा मी दोनदा उपरणं ओढलं, मामाजींनी शेवटचं म्हटलं, अंतरपाट खाली आला, आणि मला पुढचं काही दिसेना.

पहिल्या रांगेत पोस्टमास्तरकाका बसले होते, प्रत्येक कडव्याला मान डोलवत. त्यांच्या कानांनीही कधीचाच दगा दिला होता, पण त्यांचं यंत्र पुढचं मॉडेल येऊ द्या म्हणत अजून यायचं होतं. जेवणाच्या पंगतीत त्यांनी मला विचारलं, "मंगलाष्टकं झाली का?"

पाठवणीच्या वेळी मामाजींनी माझ्यापुढे हात केला. मी मूठ उघडली. ते तुकडे घामानं ओले झाले होते. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून कानात घातले. मुलगी वाकली, मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आजोबा, आज तुम्ही कोणाचंच कापलं नाही."

"हाव," मामाजी म्हणाले. "पण तुह्या आत्याचं कापावं, असं लय वाटलं मले."

ती रडता रडता हसली आणि शेगावच्या गाडीत बसली.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ते सुधारलेलं यंत्र दुसऱ्या कंपनीचं बाजारात आलं. काकांनी घेतलं. आमच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. शिट्टी मारत नाही, पाण्यालाही भीत नाही, कोणत्याही मोबाईलशी जुळतं. आमच्या यंत्राची कंपनी मात्र बंद पडली. आता ते फक्त ह्यांच्या त्या एकाच मोबाईलवर चालतं, नवीन मोबाईलवर जात नाही. मी म्हटलं, मामाजी, काकांसारखं घेऊन टाकू. मामाजी काकांकडे गेले, यंत्र हातात घेऊन पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "खिशातलं बोलणं ऐकू येते का यात?"

"छे," काका अभिमानानं म्हणाले. "बोलणं झालं की आपोआप बंद होते. ती खोड काढून टाकली त्याईनं."

मामाजींनी यंत्र परत दिलं. "आमचं आहे तेच बरं."

आणि ज्या माणसाच्या हातात एक मोबाईल वर्षभर टिकला नाही, तो आमचा माणूस गेली कित्येक वर्षं तोच मोबाईल घेऊन फिरतो. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली, पाठीला चिकटपट्टी. कचेरीतले शिपाईसुद्धा हसतात. नवीन मॉडेलची जाहिरात आली की हे अजून वाचतात, दोनदा वाचतात, आणि मोबाईल चार्जिंगला लावतात.

परवा रविवारी काका आमच्या अंगणात आले होते. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते, मामाजी आत देवघरात. काकांनी ह्यांचा मोबाईल पाहून चिडवलं, "काऊन हो, सगळ्या गल्लीत तुमचाच मोबाईल जुना? पहिले तर लय घाई राह्यची तुमाले."

ह्यांनी पाठीची चिकटपट्टी दाबून बसवली आणि मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, "बाबाईचं मशीन यावरच चालते. हा गेला तर त्याईचे कान गेले." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "पोरीच्या लग्नात मी त्याईले खोलीत निजवणार होतो. दुसरा गुरुजी करून ठेवला होता. त्याईनं लग्न असं लावलं की माह्यी मान खाली गेली. त्याईले कधी सांगतलं नाई मी. सांगवत नाई."

मी वर्तमानपत्र खाली केलं. देवघरातली घंटी वाजता वाजता थांबली होती.

"हळू बोल बे," आतून मामाजी म्हणाले. "मले ऐकू येऊन राह्यलं."

ह्यांनी खिशातून मोबाईल काढला. तडकलेल्या काचेखाली ती खूण हिरवी दिसत होती, सकाळपासून असेल, की त्या साड्यांच्या दुपारपासून, कोण जाणे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ह्यांचा अंगठा त्या खुणेवर गेला, थोडा वेळ तिथेच राहिला, आणि मग ह्यांनी मोबाईल तसाच चालू ठेवून खिशात परत टाकला.